दुर्गाक्कांची प्रत

“सगळी मंडळी आल्याबिगर शेवटचा अध्याय उघडायचा न्हाय. कळलं न्हवं?”

गल्लीतल्या पारायणात पोथी वाचणाऱ्या मालुबाईंचा तो जुना दरडावणीचा आवाज कानात उठला आणि अंक प्रसिद्ध करायच्या बटणावर गेलेलं रचनाचं बोट मागं आलं. तिने लॅपटॉप मिटला. देवापुढचा दिवा अजून जळत होता. फोनवर समर्थ वाट बघत होता.

समर्थ बेंगळुरूतली नोकरी सांभाळून तिच्याबरोबर ‘घिरटी’ चालवायचा. ‘पाषाणपंख’ या अद्भुत कादंबरीमालेच्या वाचकांनी वाचकांसाठी काढलेलं ते ऑनलाइन मासिक. मालेचा शेवटचा भाग आला होता, त्यावरचा अंकही तयार होता, पण अडला होता एका वाचकापाशी. नोंदणी केलेल्या प्रत्येकाचं पुस्तक वाचून होईपर्यंत शेवटाबद्दल चकार शब्द छापायचा नाही, हा घिरटीचा नियम. रचनाने तो मालुबाईंकडूनच उचलला होता.

“आक्का, बाकीच्या साइटवाल्यांनी शेवट कधीच फोडलाय. आपली माणसं तिकडं पळालीत. जांबोटीकडच्या एका बाईसाठी किती थांबायचं?”

“त्या पहिल्या भागापासून आपल्यात बसल्यात, समर्थ.”

“मग फोन करा की त्यांना.”

“लागत नाही. जाऊन येते.”

“आज? सोमवारचा उपास धरून, या पावसात?” तो थांबला. “बघा, आज रात्री अंक लागला न्हाय तर मी यातनं बाहेर. चेष्टा न्हाय.”

“मी आल्यावर बोलू,” रचना म्हणाली आणि छत्री शोधायला लागली.

जांबोटीकडच्या या दुर्गाक्कांना तिने कधी पाहिलं नव्हतं. खानापूरच्या बाजाराला आल्या की त्या फोनवर घिरटी वाचायच्या आणि तिथूनच आवाजी निरोप पाठवायच्या. रचनाही आवाजातच उत्तर द्यायची आणि पुस्तकं बसमधून पाठवायची. बसमधून उतरल्यावर चिखलातून बरंच चालून, ‘दुर्गाक्का’ म्हणून हाका मारत ती पोचली, तेव्हा दुर्गाक्का गोठ्यात म्हशीपुढं वैरण टाकत होत्या.

“अगो बाई, शहापूरच्या रचनाबाई न्हवं? आवाजावरनंच वळखलो. भिजलासा की समद्या!”

“पुस्तक झालं का वाचून, तेवढं विचारायला आले.”

“झालं म्हणू तरी कसं? दुसऱ्यांदा चाललंय. ते संपतंय कुठं?” प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पुस्तक त्यांनी आतून आणलं. “खरं, शेवट लई चांगला केलाय हां. मला वाटलं, निमिष जातोय आता हातचा. पान उलटलो तर बसलाय आईच्या चुलीम्होरं, भाकरी खात!”

रचनाने शेवटची पानं उघडली. शिखरावरची लढाई, दगडी पक्ष्याचा पंख तुटतो, आणि पुढच्याच पानावर चुलीपुढं बसलेला मालेचा नायक निमिष. पण हे याच पुस्तकाचं पहिलं पान होतं, घर सोडायच्या आधीच्या सकाळचं. बांधणीत शेवटची पानं राहून गेली होती आणि त्यांच्या जागी सुरुवातीचीच पुन्हा बसली होती.

“पानांचे आकडे पुन्हा एकपासून आलेत. ते नाही खटकलं?”

“त्यात काय खटकायचं? पोथी संपली की पयल्या अध्यायाच्या चार ओळी वाचूनच उठतो की आपण. म्हटलं, लिवणारा जाणता हाय.”

रचना स्वतःही तसंच उठायची. तिने पुस्तक मांडीवर ठेवलं. खऱ्या शेवटात निमिष घरी येत नाही. तुटलेला पंख पेलत तो शिखरावरच दगड होऊन राहतो. नुसती मान हलवली असती तर काम झालं असतं. अंक रात्री लागला असता. आणि पुढच्या बाजाराला, फोन हातात धरून, भर गर्दीत दुर्गाक्कांनी तो वाचला असता.

“दुर्गाक्का, ही पानं चुकून लागलीत. शेवट वेगळा आहे.”

म्हैस रवंथ करत राहिली. दुर्गाक्कांनी हातातली काडी मोडली.

“आलं न्हाय न्हवं पोरगं?”

रचना ओला पदर पिळत राहिली.

“ऱ्हाऊ दे, सांगू नका. माझीच पंचाईत झाली बघा. भाताचं रोप लावताना समद्या बायकांना सांगून बसलोय, आलं म्हणून. ती रक्षा तर रडली की चिखलात उभी ऱ्हाऊन.”

“तुम्ही त्यांना गोष्ट सांगता?”

“मग? पयल्या पुस्तकापासनं. वाकून पाठ मोडती, गोष्ट असली म्हंजे वाफा कवा सरला कळत न्हाय. भरमूची बायको तर म्हणती, दुर्गाक्का न्हाय त्या शेतात मी येत न्हाय.”

“किती जणी आहेत?”

“बांधावर बसल्या तर बांध भरतोय.”

रचनाने आजवर वाचक म्हणून एकच नाव धरलं होतं.

“परवा वरच्या शेताची लावणी सरती,” दुर्गाक्का म्हणाल्या. “देवळात बसवतो समद्यास्नी. वाचायचं तुम्ही. मी सांगितलो तर म्हणतील, दुर्गीनं गोष्ट फिरवली.”

“माझा आवाज पोचत नाही हो. पारायणातसुद्धा मी मागं बसते.”

“मग म्होरं बसा की!”

रचनाला हसू आलं. दुर्गाक्कांनी पुढं केलेलं दूध तिने सावकाश संपवलं.

“येते परवा,” ती म्हणाली. “माझी प्रत घेऊन.”

जांबोटीच्या स्टँडवर रेंज आली. समर्थने पहिल्याच घंटीला उचललं.

“झालं त्यांचं? लावू?”

“परवापर्यंत नाही.”

“एकच बाई राहिल्यात म्हणालात!”

“चुकले. बऱ्याच जणी राहिल्यात.”

“मी काय म्हटलोय, आठवतंय न्हवं?”

“आठवतंय. सोडायचं तर परवानंतर सोड. तोवर बटणाला हात लावायचा नाही.” तिचा आवाज चढला नव्हता. समर्थने फोन ठेवला.

बुधवारी सकाळपर्यंत त्याचा निरोप नव्हता. अंकही लागलेला नव्हता. रोजचा नेम उरकून रचना पुस्तक घेऊन घरालगतच्या मागाच्या खोलीत गेली. घरचे चारही यंत्रमाग खडखडत होते. पलीकडच्या टोकाला तिचा नवरा विक्रम तुटलेला धागा जोडत होता. ती दाराशी उभी राहिली आणि शेवटचं पान वाचू लागली. विक्रमने मान वर केली नाही. तिने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. तिला स्वतःलाच ऐकू येईना. घसा खाकरून, पाय रोवून तिने तिसऱ्यांदा वाचलं.

विक्रमने धागा तसाच चिमटीत धरून वळून पाहिलं.

“कुणाचं पोरगं दगड झालं गं?” तो ओरडला.

रचनाने पुस्तक मिटलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि चपला पायात सरकवल्या.