समोरच्या खिडकीची वाटी

तांबट आळीजवळच्या एका बोळात निवृत्त शिक्षिका मालनबाई राहत. बोळ एवढा अरुंद, की समोरून सायकल आली तर माणसाने ओट्यावर चढावं. संध्याकाळी मुलं त्यांच्या खोलीत अभ्यासाला बसत. बाई शिकवत, पण नजर जाई ती समोरच्या बंद खिडकीकडे.

ती विमलाबाईंची खिडकी. दोघी मैत्रिणी खिडकीतून हात लांबवून वाट्या देत-घेत. वाटी रिकामी परत करायची नाही, हा बायकांचा जुना रिवाज. गेल्या श्रावणात विमलाबाईंनी अळूची भाजी दिली. “उद्या नागपंचमीची दिंडं करते, मग देते तुझी वाटी,” मालनबाई म्हणाल्या. पहाटे विमलाबाई मोरीत पडल्या आणि मुलगा त्यांना मनमाडला घेऊन गेला. इकडे दिंडं वाफवून झाली, तोवर तिकडे कुलूप लागलं होतं. बरी झाले की येते, असा निरोप आला. पितळी वाटी तेव्हापासून फळीवर होती.

“बाई, आळी म्हणजे काय? आणि गल्ली, बोळ?” दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी त्या मुलांतल्या भाग्यश्रीने विचारलं.

“आळी म्हणजे रांग. एका धंद्याच्या लोकांच्या घरांची रांग, ती आळी. गल्लीचं नातं काहीजण गळ्याशी लावतात. गळ्यासारखी चिंचोळी.”

“म्हणजे नवनाथ अडकला की गल्लीचा घसा बसतो.”

“तू गप गं,” शेजारी बसलेला गुटगुटीत नवनाथ म्हणाला.

बाई हसल्या. “आणि बोळ कुठून आला ते मला नक्की ठाऊक नाही. पण समोरच्या घरात काय शिजतंय ते विचारावं लागत नाही, तो बोळ.”

तेवढ्यात समोरची खिडकी करकरली. बाई चटकन उठल्या. खिडकीत विमलाबाईंची सून अंजली होती.

“सामान न्यायला आले, मावशी. घर सोडतोय आम्ही. आईंना आता चालवत नाही.”

बाईंनी फळीवरची वाटी पुसली, दिवाळीचे उरलेले रव्याचे लाडू तिच्यात भरले आणि हात खिडकीबाहेर लांबवला.

अंजलीने वाटी घेतली नाही. “आई रोज विचारतात, मालनने माझी वाटी भरली का? तुमच्याऐवजी मी नेली तर रागावतील.”

बाईंचा हात तसाच बोळावर राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि वाटीला रुमाल बांधला.

“सकाळी मनमाडला गाडी कितीची आहे गं?”

“मग उद्याचा अभ्यास?” भाग्यश्रीने विचारलं.

“उद्या सुट्टी,” बाई गाठ घट्ट करत म्हणाल्या.