अप्पांची हनुवटी

अडकित्त्याचा ‘कट्ट’ असा आवाज आला, की हेमंतातल्या कोवळ्या उन्हात नांदेडच्या बसस्थानकावरचा तो कळकट बाकही एकाएकी प्रसन्न वाटू लागे. तिथे अप्पा बसलेले असत. शुभ्र धोतर, कपाळावर विभूती, आणि सकल चराचराला पत्ता सांगण्याच्या कामी आपलीच नेमणूक झाली आहे असा मुद्रेवर भाव. लातूरला त्यांचं डाळीचं दुकान, लेक नांदेडला दिलेली; म्हणून दर आठवड्याला खेप. नोकरीपायी मीही त्याच बसची.

दोन्ही हात सुपारीत गुंतलेले, म्हणून दिशा ते हनुवटीने दाखवीत. हनुवटी उचलायची, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, “इथंच हाय.” गल्लीपलीकडची खानावळ ‘इथंच’ आणि चार तालुके ओलांडून असलेला किल्लाही ‘इथंच’! ‘लांब’ हा शब्द त्यांच्या कोशातच नव्हता. त्या ‘इथंच’पायी माझी एक चांगली चप्पल कामातून गेलेली आहे.

एकदा पाठीवर बोचकी बांधलेलं पुण्याचं नवपरिणीत जोडपं बाकाशी आलं. इकडे नाइटलाइफ कुठे आहे, असं त्याने विचारलं. मला हसू आवरेना. अप्पा मात्र गंभीर.

“रातची रौनक व्हय? लातूरला जावा. शिकवणीची गल्ली. रातभर दिवे, रातभर चहा, पोरं-पोरी लई जागतेत.”

“नाचतात?”

“न्हाई. पाठ करतेत.”

मग तिने ट्रेकचं विचारलं. “ट्रक धान्याच्या मोंढ्यात भेटतील,” अप्पा म्हणाले, “पर सोयाबीन भरून राहिलेत. बसू देतेत का न्हाई, काय की.” अगं बाई! डोंगर चढण्याचं विचारतेय ती, असा मी खुलासा केला, तेव्हा अडकित्ता थांबला. जळकोटकडच्या त्यांच्या गावामागचा डोंगर, त्यावरची पाऊलवाट, माथ्यावरचं महादेवाचं देऊळ आणि खाली करडईच्या फुलांचा पिवळा विस्तार त्यांनी असा काही रंगवला, की दोघं बोचकी सावरून उभीच राहिली.

“काका, तुम्ही कधी गेला होता?” तिने सहज विचारलं.

हनुवटी खाली आली. “म्या न्हाई गेलो कधी. लोकं जाऊन येतेत, सांगतेत, ते म्या पुढच्याला सांगतो. इथंच तर होता की. उद्या जाऊ, उद्या जाऊ... आता एकदा तरी बघावं वाटतंय, तर गुडघे न्हाई म्हणतेत.”

मला भडभडून आलं आणि रागही आला. “उठा अप्पा,” मी म्हटलं, “लातूर काही पळून जात नाही.”

चौघंही जळकोटला गेलो. पुणेकरांच्या लेखी ती टेकडीच, पण अप्पांचा प्रत्येक श्वास वाजत होता, आणि प्रत्येक वळणावर ते स्वतःलाच बजावत होते, “इथंच हाय.” निम्म्यावर दगडावर बसले. “तुम्ही जावा. कसं हाय ते येऊन सांगा.”

पोरीने कमरेवर हात ठेवले. “काका, इथंच आहे की!”

आपल्याच थापेला माणूस नाही कसा म्हणणार? उठले.

माथ्यावर देऊळ होतं. करडई मात्र कुठेच नव्हती, खाली सगळा हरभरा. त्याचं अप्पांना काही नव्हतं. ते बराच वेळ वारा खात उभे राहिले, मग त्यांनी सवयीने हनुवटी उचलली. पार खाली, उन्हात एक माळवदाचं घर दिसत होतं.

“ते आमचं घर. माय अंगणात बसून ह्या देवळाला हात जोडायची.” डोळे बारीक करून ते म्हणाले, “लई लांब दिसायलंय, बाई.”

तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

यंदाच्या थंडीत बाकावर अडकित्ता वाजत नाही. परवा एका म्हाताऱ्या प्रवाशाने विचारलं, “अप्पा कुठं हायेत हो, बाई?” गेलेल्या माणसाला काळ रोज थोडा थोडा लांब नेत असतो, हे मला ठाऊक आहे; पण खरं सांगायला तोंड उघडलं, तर आधी हनुवटीच वर गेली, आणि मी म्हणाले, “इथंच हाय.”