राहिलेला डोहाळा

चैत्राची कलती संध्याकाळ. जांभ्या दगडाचा अफाट सडा, कोकणातलं उघडं कातळपठार, दिवसभर प्यालेलं ऊन आता सावकाश सोडत होता. करवंदीच्या काटेरी जाळ्या, काजूबोंडांचा आंबूस-गोड दरवळ, कातळाच्या भेगेत तगून राहिलेलं पिवळंधमक गवत. आणि या साऱ्यातून वळत, वाकत, लवत उतरणारा सागरी महामार्ग. नाव मोठं महामार्ग, पण समोरून एस्टी आली तर आपण मुकाट्यानं कुंपणात शिरायचं.

त्या रस्त्यानं एक गाडी उतरत होती. शुभ्रधवल अंगाची, नीलरेखांकित, चाकांवरचं चिमुकलं घर म्हणावं अशी गाडी. आत निजायला रुंद पलंग, चहापुरता ओटा, फुलाफुलांचे पडदे. पलंगाच्या उशाशी एक लांबट खिडकी होती. निजल्या-निजल्या बाहेरचं दिसावं, एवढ्याचसाठी ती कापलेली होती.

गाडी हणमंत चालवत होता. विट्याला त्याचा कारखाना, टेम्पो-ट्रकच्या बॉड्या बांधायचा. शेजारी त्याची बायको शालन. आटपाडी तिचं माहेर. हात मांडीवर, नजर काचेबाहेर. दोघांमध्ये बोलणं असं काही उरलं नव्हतं.

शेवटचं वळण सरलं आणि समुद्र समोर आला.

केवढा तो! नील, नीलश्यामल, मग दूरवर ताम्र, आणि त्याही पलीकडे नुसतं तेज. लाटेमागून लाट, लाटेमागून लाट. कुणाची वाट न पाहणारं, कुणासाठी न थांबणारं पाणी. शालननं जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. इतकं पाणी, तिला वाटलं, आणि इतक्या उशिरा. तिला रडू आलं नाही, नुसता रागच आला.

ती माणदेशची लेक. बोडक्या माळांच्या, आटलेल्या विहिरींच्या, टँकरची वाट बघणाऱ्या घागरींच्या मुलखात वाढलेली. तिला दिवस गेले तेव्हा सासूनं कौतुकानं विचारलं, काय खावंसं वाटतं? चिंच? पेरू? भाजलेली माती? तर ही म्हणाली, मला समुद्र बघायचाय. त्याची गाज ऐकत एक रात्र निजायचंय. सगळं घर हसलं. असला डोहाळा कुणाला लागतो का, म्हणून गल्लीतल्या बायका येऊन-येऊन चेष्टा करून गेल्या.

हणमंत मात्र हसला नाही. बायको म्हणाली, चला की एस्टीनं, एका रात्रीचा तर प्रश्न. तो म्हणाला, एस्टीत धक्के बसतात, मी तुला निजवून नेतो, राणीसारखी. आणि त्यानं जुना टेम्पो आणून ही गाडी बांधायला घेतली. दिवसा गिऱ्हाइकाचं काम, संध्याकाळी हिचं. स्प्रिंगा बदलल्या, मऊ केल्या, पुन्हा बदलल्या. रंग पसंत पडेना, खरवडून दुसरा दिला. आणखी आठ दिवस, आणखी आठच दिवस. आता काय म्हणावं या माणसाला! त्याचं प्रेम होतं म्हणून तर उशीर झाला.

आठव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली.

दवाखान्यात तिला भूल दिली, पोट उघडलं, बाळ काढलं. ती शुद्धीवर आली तोवर सगळं उरकलेलं होतं. हणमंतनं एकट्यानं नेऊन पुरून टाकलं होतं. मुलगा होता की मुलगी, गोरं की सावळं, नाक कुणाचं, ओठ कुणाचे, तिला कुणी काही सांगितलं नाही. सासूनं सगळ्यांना ताकीदच दिली होती, सांगू नका, जीव गुंततो, पुढचं धरत नाही. शालननं नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, विचारू नकोस. पुन्हा विचारलं, तो उठून बाहेर गेला.

बायाबापड्या कुजबुजल्या की डोहाळा राहिला, म्हणून गेलं. ते त्याच्या कानी गेलं आणि काळजात जाऊन बसलं. महिनाही झाला नव्हता, टाके अजून ओढत होते. तरी तो म्हणाला, चल, समुद्र बघू. ती निघाली. पण मनाशी गाठ बांधून निघाली, की या माणसानं मला माझं बाळ सांगितलं तर सांगितलं. नाहीतर उद्या इथूनच आटपाडी, आणि मग पुन्हा त्याचा उंबरठा नाही. निघताना तेवढं बोलूनही दाखवलं, उद्या मला माहेरी सोडा. तो फक्त बरं म्हणाला.

किनाऱ्याशी सुरूचं बन होतं. हरितश्याम, सूचिपर्ण, वाऱ्यासरशी सुस्कारे टाकणारं. बनाच्या कडेला एक कौलारू घर, अंगणात पसरलेली सुकट, आणि सुकट राखत बसलेली शेवंती आजी. केसांत अबोलीचा गजरा, कमरेला खोचलेला पदर, तोंडाचा पट्टा अखंड चालू. गाडी इथे लावू का, हणमंतनं विचारलं. लाव की, म्हातारी म्हणाली, समुद्र काय माझ्या बापाचा आहे! वर विहीर दाखवली, आणि गाडीत डोकावून, ही तर माझ्या घरापेक्षा बरी, असंही म्हणून झालं.

मग तिची नजर शालनवर गेली. गाडीतून जपून उतरणारी, एक हात कमरेवर, एक हात पोटाशी. ओसरलं तरी न ओसरलेलं पोट. म्हातारीचा चेहरा एकदम उजळला.

"कितवो म्हयनो गो बाय?"

वारा थांबल्यासारखा झाला. विहिरीकडे निघालेला हणमंत कळशीसकट जागीच उभा राहिला. त्याच्याकडे न बघता शालन म्हणाली, "आठवा."

खोटंच बोलली. पण खोटं तरी कसं म्हणावं? तिचे दिवस आठव्याशीच येऊन थांबले होते, पुढे सरकलेच नव्हते. आणि कुणीतरी तिच्या बाळाबद्दल हसतमुखानं विचारत होतं, किती दिवसांनी! त्या एका प्रश्नासाठी ती हपापली होती. हणमंत विहिरीकडे गेला आणि पाण्याच्या खेपा घालत राहिला.

मग काय, म्हातारीला कोण धरणार! मुलूख सोडून दोन जिवांची बाई दारात आली, तिचे लाड नाही करायचे तर कुणाचे? तिनं शालनला अंगणात पाटावर बसवलं. वेणीत अबोली माळली, तांबूस, कोवळी, मावळतीच्या रंगाची अबोली. ओटीत नारळ घातला. नारळाच्या गोड रसात बुडवलेले शिरवाळे, त्या तांदळाच्या लुसलुशीत शेवया, वाटीभर पुढे ठेवले. एक वाटी आईची, एक आतल्याची, असं म्हणून दुसरीही भरली.

शालन जेवली. पोटभर, दोन्ही वाट्या. पश्चिम पेटली होती; केशर, हिंगूळ, वितळतं सोनं. त्या सुवर्णसंध्येत, गाजेच्या लयीत, अबोली माळलेली ती बाई सोनेरी-सोनेरी बसली होती. विट्याला ठरलेलं तिचं डोहाळजेवण झालंच नव्हतं. ते इथं झालं, परक्या अंगणात, चुकून. थोड्या वेळापुरतं तिचं बाळ जिवंत होतं आणि ती सुखात होती.

म्हातारीनं शेवटी दोन करवंट्या पालथ्या घातल्या. डोहाळजेवणात असतो तोच खेळ. एकीखाली सुपारी, एकीखाली अबोलीचं फूल. सुपारी निघाली तर मुलगा, फूल निघालं तर मुलगी.

"खंयचीय एक उचल," ती म्हणाली.

शालनचा हात पुढे झाला. ही करवंटी की ती? सुपारी की फूल? अख्ख्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट तिला एका करवंटीला विचारायची होती. तिचं बोट एका करवंटीला टेकलं, आणि मागून घोगरा आवाज आला.

"उचलू नगंस," हणमंत म्हणाला. "पोरगी हाय."

शेवंती आजी खदखदून हसली. "तुका रे कसा कळला?"

तो कळशी खाली ठेवून बनात निघून गेला. बापांना मुलीच हव्या असतात, म्हातारी समजुतीनं म्हणाली, आणि करवंट्या उचलून आत गेली. कोणत्या करवंटीखाली काय होतं ते कुणी पाहिलंच नाही. शालन पाटावर तशीच बसून राहिली. पोरगी. तिला पोरगी झाली होती. तिनं तो शब्द मनातल्या मनात म्हटला, पुन्हा म्हटला, आणि अंधार पडेपर्यंत म्हणतच राहिली.

त्या रात्री ती गाडीत निजली. उशाशी खिडकी, खिडकीत समुद्र. गाज येत होती, जात होती. येत होती, जात होती. हवा होता तो डोहाळा तंतोतंत पुरा होत होता. हणमंत आत उकडतंय म्हणून बाहेर वाळूतच पडला. दोघंही जागी होती आणि दोघांनाही ते माहीत होतं.

उजाडलं. प्रथम राखाडी, मग मोतिया, मग शिंपल्याच्या आतल्या कडेसारखं गुलाबी. ओहोटीनं ओली, आरशागत वाळू उघडी टाकली होती, तिच्यावर आभाळ उतरलं होतं. पाण्याच्या कडेशी हणमंत गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. ती चालत गेली, त्याच्या शेजारी टेकली.

"कशी हुती?" ती म्हणाली.

लाट आली, गेली.

"डोहाळा ऱ्हायला तुझा," तो शेवटी म्हणाला. "माझ्यापायी गेली ती."

"गाडीपायी न्हाई गेली," शालन म्हणाली. "कुणापायीच न्हाई. पर तुम्ही तिला एकट्यानं बघितलंसा, आन एकट्यानंच ठेवून घेतलीसा. मी तिची आय हाय. माझ्या वाटणीची मला द्या."

तेव्हा तो बोलला. थांबत, अडखळत, समुद्राकडे बघत. केस होते म्हणाला, दाट, काळेभोर, कपाळाला चिकटलेले. रंग सावळा, शालनचा. नाक त्याच्या आईचं, जरा बसकं. हनुवटीवर खळी. डोळे मिटलेले, झोपेत असावी तसे. मूठ घट्ट आवळलेली होती. त्यानं ती हळूच उघडली, बोटं मोजली, पुन्हा मिटली. तिची नखं वाढली होती, इवलीइवली. शालनच्या जुन्या मऊ पातळात, जे फाडून ती दुपटी शिवणार होती त्याच हिरव्या पातळात तिला गुंडाळली. वाटेत ऊन लागू नये म्हणून छातीशी धरली, वर आपला सदरा घेतला.

"लई हलकी हुती गं," तो म्हणाला, आणि ओक्साबोक्शी रडला. एवढा बाप्या माणूस, लोखंड वाकवणारा, समुद्रासमोर रडला.

"कुठं ठेवलीसा?"

"मळ्यात. बांधावरच्या लिंबाखाली. सावली असती तिथं."

शालननं डोळे पुसले, आपले आणि मग पदरानं त्याचेही. "आटपाडीला नगं," ती म्हणाली. "आधी तिकडं न्या मला."

आणि त्याच क्षणी तिच्या छातीत काहीतरी दाटून आलं. कढत, जड, ओढाळ. तिला आधी कळेना. दवाखान्यातून आल्यावर सासूनं तिच्या छातीवर मोगऱ्याची फुलं बांधली होती. दूध आटावं म्हणून बांधतात तशी, घट्ट, रोज ताजी. आटलं, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि आज, केस सांगितले, नखं सांगितली, खळी सांगितली, तर देहानं ऐकलं. चोळी भिजली. आटलेलं दूध आलं.

छाती पुन्हा आवळून बांधायला तिनं पदर उचलला, आणि सोडून दिला. ती पाण्यात शिरली. गुडघाभर पाण्यात बसली, बनाकडे पाठ करून, क्षितिजाकडे तोंड करून. चोळीची गाठ सोडली. हणमंत मागोमाग आला, तिच्यासमोर गुडघ्यांवर टेकला, आणि काही न विचारता दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरली.

शुभ्र, उष्ण, बारीक धारा. ओंजळ भरली, त्यानं ती पाण्यावर ठेवली, हलकेच उघडली. पुन्हा भरली, पुन्हा उघडली. निळ्यात पांढरं, पांढऱ्यात निळं. क्षणभर दूध वेगळं दिसायचं आणि क्षणात दिसायचं नाही. ऊन वर आलं. लाट आली, दोघांच्या मांडीशी टेकली, आणि घेऊन गेली. पुन्हा आली, आणि घेऊन गेली.