दोन नंबरचा रिमोट

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे, तोही दोन नंबरचा. भलतंसलतं समजू नका! व्हिडिओ गेम खेळताना पहिल्या खेळाडूच्या हातात एक नंबरचा रिमोट असतो आणि दुसऱ्याच्या हातात मी. खेळायला दुसरं कुणी नसलं, की मला कुणी विचारत नाही.

अहमदपुरातल्या जिलानी टेलरांच्या घरी मी आलो. त्यांची थोरली मुलगी रुखसार वायरवाला एक नंबरचा रिमोट घ्यायची, धाकटी मनतशा सेलवर चालणाऱ्या मला. तिच्या अंगठ्याने माझ्या बटणांवरची अक्षरंसुद्धा पुसली गेली. आमचा गेम एका किल्ल्याच्या बंद दरवाजापाशी संपला. दार दुसऱ्या भागात उघडणार होतं आणि तो भाग दिवाळीत यायचा होता. आत जायचं तर दोघींनी मिळूनच, असं ठरलं.

दिवाळीआधीच रुखसार डॉक्टरकीच्या क्लाससाठी लातूरला गेली. एका वर्षाचा तर प्रश्न होता. पण गेमच्या कंपनीने तारीख पुढे ढकलली, आणि रुखसारला मार्क कमी पडले म्हणून तिने रिपीट केलं. पुढच्या वर्षीही तेच झालं. मी टीव्हीखालच्या फळीवर पडून होतो. फार एकटं वाटायचं.

एकदा टीव्हीच्या रिमोटचे सेल संपले.

"त्या गेमच्या रिमोटातले काढ की," अब्बा म्हणाले. "नुसता पडून हाय."

"न्हाई अब्बा! आपा कवाबी येईल. त्याला तयार ठेवायचं हाय."

नवे सेल येईपर्यंत बिचारे अब्बा चॅनल बदलायला दर वेळी उठत राहिले. मला मात्र केवढा अभिमान वाटला! मनतशा दर शुक्रवारी मला ओढणीने पुसायची. पाठीमागचं झाकण तिने कधी उघडलं नाही.

तिसऱ्या वर्षी रुखसारला नांदेडला प्रवेश मिळाला. कॉलेज सुरू व्हायला आठ दिवस होते, तेवढ्यात गेमही आला! पडद्यावर तेच दार दिसलं. दुसऱ्या खेळाडूने बटण दाबावं, अशी सूचना आली. मनतशाने दाबलं. पुन्हा दाबलं. मी हूं की चूं केलं नाही.

तिने झाकण उघडलं. सेलांनी पाणी सोडलं होतं आणि माझ्या स्प्रिंगा हिरव्या पडून गळाल्या होत्या. रुखसारने लिंबू चोळलं, पिनेने खरवडलं. व्यर्थ! तसा रिमोट आता कुठल्याच दुकानात मिळत नव्हता.

मनतशा रडू लागली. "तू येशील म्हणून सेल काढले न्हाईत गं."

"येडे, काढले असतेस तरी मी आलेच असते की," रुखसार म्हणाली, आणि तिचेही डोळे भरून आले.

दार बंदच राहिलं. रुखसार नांदेडला गेली. मनतशा मात्र आता वाट बघत बसत नाही. महिन्यातून एका रविवारी ती स्वतःच नांदेडची एसटी पकडते. त्या दिवशी घरात अगदी सामसूम असते.

मित्रांनो, बंद ठेवलेल्या वस्तूतले सेल काढून ठेवत जा. त्याने कुणाचं येणं रद्द होत नाही. आणि ज्याची फार वाट बघता, त्याच्याकडे एकदा आपणच जाऊन या. तुम्हाला पाय आहेत. मला फळी सोडता येत नाही.