झेंडूचा हार आणि दोन इंजिनं

काळाचौकीत आमच्या चाळीत कुणाच्या पोरीनं स्कूटर घेतली तरी पेढे वाटतात. माझ्या अक्षदाच्या हातात तर तीनशे घोड्यांच्या दोन इंजिनांची बोट आली होती. मासे धरायला, फिरायला आणि मनात आलं तर नुसती पळवायला. बोट दादरच्या पुष्कर सरांची, पण मागची ती दोन्ही इंजिनं बसवली माझ्या लेकीनं. मी सगळ्या मजल्यांवर सांगून आले. का सांगू नये?

पहिली फेरी भाऊच्या धक्क्यावरून होती. नीट पार पडली तर बोटीची कॅप्टन अक्षदा, नाहीतर सरांनी गोव्याचा एक माणूस बघून ठेवलाच होता. आम्हा नवराबायकोलाही बोलावणं होतं. आमचे हे, दौलतराव, दादरच्या फुलबाजारातून झेंडूचे दोन जाडजूड हार घेऊन आले. हाराशिवाय नवं यंत्र सुरू करायचं नाही, ही यांची गिरणीतली सवय. दोन्ही इंजिनांना एकेक हार बांधला, नारळ फोडला, देवाला गाऱ्हाणं घातलं.

"बाबा, आता हार काढा," अक्षदा म्हणाली आणि दोर सोडायला पुढे गेली.

यांनी एक काढला. दुसऱ्याला आणखी एक गाठ मारली. देवाचा हार लगेच उतरवू नये म्हणे.

बोट सुटली. आधी नाक वर करून उठली, मग पाण्याला जेमतेम टेकत धावू लागली. माझा ऊर भरून आला. तेवढ्यात कर्कश भोंगा वाजला. हार घसरून पाण्यात गेला होता. दोरा पंख्याला गुंडाळला होता आणि इंजिनात पाणी घेणाऱ्या जाळीवर झेंडू चिकटला होता. पाणी नाही म्हणजे इंजिन तापणार.

अक्षदानं दोन्ही इंजिनं बंद केली. आरडाओरडा नाही की घाई नाही. अडकलेलं इंजिन वर उचललं, पालथी पडून सुरीनं दोरा कापला, जाळी साफ केली.

"हार कुणी ठेवला होता?" सरांनी विचारलं.

चाळीच्या मीटिंगमध्ये कुणाला बोलू न देणारे आमचे हे, मान खाली घालून बसले.

"निघण्याआधी इंजिनं बघायचं काम माझं होतं, सर," अक्षदा म्हणाली. "मी बघितली नाहीत. चूक माझी."

संपलं, मला वाटलं. एवढी मेहनत, आणि यांच्या हट्टापायी सगळी पाण्यात. सरांनी वाकून ती जाळी स्वतः बघितली.

"पुढच्या आठवड्यात मालवणपर्यंत नेशील बोट?" शेवटी त्यांनी विचारलं.

"इंजिन बघून सांगते." तिनं ते चालू केलं, मागून पाण्याची धार नीट पडते ना ते बघितलं. "नेईन."

तिचा मला फार अभिमान वाटला. बोट पुन्हा पळू लागल्यावर हे हळूच म्हणाले, "अक्षदा गो, जरा उभो रवान बघू काय?"

"आता नको, बाबा. बसा."

जन्मात कुणाचं न ऐकणारा माणूस निमूट बसला. वर मलाच म्हणाले, "कॅप्टनान सांगल्यान. बसाक व्हया."