मोशीच्या माळावरचा पहिला सुरुंग

पिंपरीकडच्या नव्या रस्त्याला खडी हवी म्हणून मोशीच्या माळावर सरकारी खाण निघाली. पहिल्या सुरुंगाच्या दिवशी सुभद्राबाई दारात भांडी घासत होती. गावचा दवंडीवाला भैरू डफडं बडवत आला आणि पोपटासारखा बोलला, "प्रस्तर-विस्फोटनास्तव निर्दिष्ट क्षेत्रातून निष्क्रमण करावे हो."

"भैरूदादा, म्हंजी काय?"

"मलाबी ठावं न्हाई. खाणीचा ओव्हरसियर म्हनला, अक्षर बदलायचं न्हाई. मतदानाचं असंल."

सुभद्राबाईचा नवरा चिमाजी हसला आणि बैल घेऊन माळाकडं गेला.

उन्हं चढली आणि जमीन हादरली. सुभद्राबाई धावत पोचली तेव्हा एक बैल मोडक्या पायावर उठू बघत हंबरत होता. चिमाजी पालथा पडला होता. तिनं त्याला उताणा केला. अर्धं तोंड जाग्यावर नव्हतं. जवळच रक्तानं माखलेला धोंडा होता.

ओव्हरसियर छत्री धरून आला. "यथाविधी पूर्वसूचना दिलेली होती, बाई," तो म्हणाला.

तिनं तोच धोंडा दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या तोंडावर घातला. तो कोसळला, तसा तिनं पुन्हा घातला. मागून आलेल्या गावच्या गड्यांनी खाणीची छपरी मोडली, मुकादमाला पहारीनं बडवलं. मग कुणीतरी भैरूला फरफटत आणलं. त्याच्या बरगड्यांवर लाथा बसू लागल्या.

सुभद्राबाई त्याच्या अंगावर आडवी पडली. एक लाथ तिच्या कानशिलावर बसली. "सोडा त्याला," ती म्हणाली. "त्यालाबी कुठं कळलं व्हतं?"

ओव्हरसियर वाचला, पण त्याचा एक डोळा गेला. चौकीत फौजदारानं कागद वाचला, "आरोपीने फिर्यादीस कठीण वस्तूने जबर दुखापत केली."

"म्हंजी काय?" सुभद्राबाईनं विचारलं. शेजारचा हवालदार खाली वाकला. "बाई, साहेबाच्या डोळ्यात धोंडा तूच घातलास का, असं इचारत्यात."

"व्हय. मीच घातला."

तिला येरवड्याला नेलं. खाण काही थांबली नाही. पण पुढच्या सुरुंगाला भैरूनं डफडं घरीच ठेवलं. मोडक्या बरगडीला फडकं आवळून तो माळाकडच्या घराघरांत शिरला आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना हाताला धरून नदीकडं घेऊन गेला.