काळ्या कळपातली तांबडी कोकरं

कोकरू जन्मलं की नर की मादी ते बाणूबाई आधी बघायची नाही. ओल्या पाठीवरून बोट फिरवायची. बोटाला बारीक कुरळं लागलं की लोकर, सरळ गुळगुळीत लागलं की केस. आजवर तिच्या कळपात कुरळंच लागत आलं होतं. त्या आषाढात मात्र पहिल्याच कोकराच्या पाठीवर बोट सर्रकन घसरलं, शेळीच्या पाठीवर घसरावं तसं. दुसऱ्या मेंढीचंही तेच. त्याच्यामागून आलेल्याच्या मानेवर तर चांगला तळहाताएवढा तांबडा डाग. बाणूबाईनं हात पदराला पुसला आणि मान वळवून तिप्पण्णाच्या घराकडं बघितलं.

तिप्पण्णाच का, तेही सांगायला पाहिजे. चिटगुप्प्याच्या अलीकडं माळावर ती वाडी. एके काळी घरोघर काळी मेंढरं होती. मग तांबडी आली. तांबड्याच्या अंगावर लोकरच नाही, म्हणून कातरायची कटकट नाही. वाढतं भराभर, आणि खाटीक आपण होऊन दारात येतो. काळ्याचं तसं नाही. वेळेवर कातरलं नाही तर गोचिडांनी बेजार होतं, कातरणारे हात मिळत नाहीत, आणि एवढं करून लोकर घेतंय कोण? लोक बाजारातून मऊमऊ ब्लँकेटं आणतात. वाडीवाले कातरलेली लोकर ओढ्यात फेकून मोकळे व्हायचे. हळूहळू सगळ्यांनी कळप बदलले, तिप्पण्णानं तर सगळ्यांच्या आधी. काळा कळप उरला तो एकट्या गुंडाप्पाचा, आणि तोही बायकोच्या, म्हणजे बाणूबाईच्या, हट्टापायी.

बाणूबाई सूत कातायची, आणि कातायची म्हणजे काय, बघत राहावं. पलीकडच्या गावचा म्हातारा विणकर घोंगडी विणून द्यायचा, ही त्यांना चिंचोक्याची खळ लावायची, वाळवायची, आणि गुंडाप्पा खांद्यावर टाकून आळंदच्या बाजाराला जायचा. येताना खांदा मोकळा आणि कनवटीला पैसे. त्या पैशापेक्षा तिला त्या मोकळ्या खांद्याचाच आनंद जास्त. नळावर बायका जमल्या की तिचं नाक वर व्हायचं. म्हणायची, ज्यांना कातता येत न्हाई त्यांची लोकर ओढ्यात जाते, माझी आळंदला जाते. बायका घागर अर्धी भरली तरी उचलून चालू लागायच्या.

आता कळपात तांबडं रक्त शिरलं म्हणजे संपलंच की. आज केसाळ कोकरं, उद्या त्यांची पिल्लं, आणि परवा कातायला हातात काय घ्यायचं? बाईचा सगळा जीव त्या लोकरीत होता. तो कुणीतरी जाणूनबुजून काढून घ्यायला निघालंय असं तिला वाटलं, आणि ते कुणीतरी कोण ह्यात तिला तिळमात्र शंका नव्हती.

तूर निघाल्यावर गुरुशांतप्पाच्या रानात खतासाठी दोन्ही कळप बसवले होते. मध्ये नुसती एक जाळी. इकडं गुंडाप्पाची काळी, तिकडं तिप्पण्णाची तांबडी, आणि तिप्पण्णाचा तो माजलेला एडका. तिनं बोटांवर महिने मोजले, बरोबर जुळले. जाळी काही आपण होऊन उठत नाही, कुणीतरी उचलावी लागते.

एकदा संशय आला की तो सोयऱ्यासारखा मुक्कामच ठोकतो. बाणूबाईला आता सगळंच दिसायला लागलं. ताक मागायला गेली तर तिप्पण्णाची बायको चन्नव्वा उंबऱ्यातच आडवी उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. आतल्या खोलीला कुलूप. शेळ्यामेंढ्या राखणाऱ्याच्या घरात कुलूप कशाला? दुसऱ्यांदा गेली तेव्हा चन्नव्वा अंगणात काहीतरी उन्हात घालत होती, हिला बघताच तिनं घाईनं वर चादर ओढली. तिप्पण्णाजवळ लोकरीचं नाव काढलं की तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरायचा आणि पावसापाण्याचं बोलायचा. ज्याच्या पोटात पाप नाही त्याची मान खाली कशाला जाईल? मग तिला आणखी आठवलं. गेली काही वर्षं दर हंगामाला तिची काळी कोकरं कमी होत होती. गुंडाप्पा म्हणायचा, कोल्ह्यानं नेलं. कोल्हा बरा नेमका काळंच निवडतो!

जेवायला बसलं की ती गुंडाप्पाच्या मागं लागायची. तो खाली मान घालून भाकरी मोडायचा. मेंढरू हाय, गेलं असंल जाळीतनं, जाऊ दे, एवढंच म्हणायचा आणि हात धुवायला उठायचा. तिला त्याची कीव यायची. तो आणि तिप्पण्णा लहानपणापासून एका माळावर मेंढरं राखलेले, सोबत्याला चोर कसं म्हणावं ह्या भिडेपोटी हा माणूस आपलं घर लुटू देतोय, असं तिचं मत झालं. नवरा मऊ निघाला तर बायकोला कठीण व्हावं लागतं.

शेवटी तिनं भंडारा मागितला.

भंडारा म्हणजे बिरप्पाच्या देवळातली हळद. ह्या लोकांत पोलीस, पंचायत सगळं नंतर. ज्याच्यावर आळ आहे त्यानं देवासमोर बसायचं, आळ घेणारा जे शब्द सांगेल ते जसेच्या तसे म्हणायचे, आणि मूठभर भंडारा उचलून कपाळाला लावायचा. खोटं बोलून उचलला तर कळप बसतो आणि परत उठत नाही. खोट्या माणसाचे हात कोर्टात थरथरत नाहीत, पण ह्या हळदीपुढं थरथरतात. आणि देवाच्या दारात ज्याचा हात मागं आला, त्याच्या मेंढरांना मग कुणी हात लावत नाही, की त्याच्या लग्नाकार्याला जात नाही.

गुंडाप्पाला हे कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. एवढ्यासाठी देवाला कामून उठवायलीस, म्हणाला. विनवण्या केल्या, रागावला, एक दिवस जेवला नाही. तिला वाटलं, भित्रा. तिनं पुजारी भीमण्णाला निरोप धाडला.

रविवारी देवळापुढं सगळी वाडी जमली. भीमण्णानं घोंगडी अंथरली, वर भंडाऱ्याचा ढीग ओतला. तिप्पण्णा अंघोळ करून आला होता. शांत होता, आणि त्या शांतपणाचाच बाणूबाईला संताप आला. तिनं शब्द सांगितले. पहिले शब्द तिनं ठरवूनच आणले होते: गुंडाप्पाच्या कळपात मी माझा एडका सोडला न्हाई. तिप्पण्णानं ते खणखणीत म्हटलं आणि हात भंडाऱ्यात घातला. तो हात एवढा सहज गेला की बाणूबाई क्षणभर गडबडली. मग तिला ते कुलूप आठवलं.

"थांबा अण्णा," ती म्हणाली. "अजून हाय. म्हणा, गुंडाप्पाच्या घरचं काहीबी मी माझ्या घरात लपवलं न्हाई."

तिप्पण्णा थांबला.  त्यानं एकदा गुंडाप्पाकडं बघितलं, आणि हळदीनं पिवळा झालेला हात हळूच मागं घेऊन मांडीवर ठेवला.

माणसांत कुजबुज उसळली. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या, कुणी म्हणालं हातच्या काकणाला आरसा कशाला. चन्नव्वा पदरात तोंड घालून रडायला लागली. बाणूबाईला जिंकल्यासारखं झालं, अंगातून गरम वारं गेल्यासारखं. वाडीभर बोलली ते खरं ठरलं होतं. तिनं नवऱ्याकडं बघितलं, आता तरी पटलं का म्हणून.

गुंडाप्पानं डोक्याचं मुंडासं काढून घोंगडीवर ठेवलं.

"एडका मीच सोडला," तो म्हणाला. "जाळी मी उचलली. तिप्पण्णा झोपला होता. आन त्याच्या घरात जे हाय ते मीच ठेवायला दिलंय. त्याला शपथ घातली होती, म्हणून बोलला न्हाई."

 चन्नव्वा उठली आणि तरातरा घरी गेली. आली ती डोक्यावर ढीग घेऊन, मागं तिची जाऊ दुसरा ढीग घेऊन. दोन्ही ढीग तिनं बाणूबाईपुढं ठेवले. काळी घोंगडी. प्रत्येक घडीत कडुनिंबाचा पाला. एकीचा काठ बाणूबाईनं बोटानं चाचपला, आणि तिला आपलंच सूत लागलं. दुसरी चाचपली, तिसरी चाचपली. आळंदला गेलेली सगळी तिथंच होती. चन्नव्वा रडत रडतच सांगत होती, अक्का, दर महिन्याला उन्हात घालत होते, एकीलाबी कसर लागू दिली न्हाई.

 बाणूबाईनं एकच विचारलं.

"मंग पैसे कुठले आणत होता?"

"कोकरं इकून," गुंडाप्पा म्हणाला. "काळी. कोल्ह्यानं नेली म्हणून सांगायचो ती." त्यानं एका घोंगडीवर हात ठेवला. "बाजारात घोंगडीला कुणी हातबी लावत न्हाई गं. दिवसभर बसायचो. तुझं तोंड डोळ्यापुढं यायचं. तुझी लोकर चालू ऱ्हावी म्हणून लोकरीचीच मेंढरं इकायलो होतो. काळ्याला भाव येत न्हाई, लई इकावी लागायलीत. चार तांबडी झाली तर काळी वाचतील, म्हणून सोडला एडका."

हसणारे हसले नाहीत. नळावरच्या त्या बायकासुद्धा खाली बघायला लागल्या. बाणूबाईला नवऱ्याचा राग आला, भयंकर आला, आणि त्याच वेळी तिची नजर त्याच्या उघड्या, पांढऱ्या डोक्यावर गेली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?

भीमण्णा रीतीचा माणूस. देवाला उठवलं तर प्रकरण मिटवून बसवायलाही पाहिजे. खोटा आळ घेणाऱ्यानं भंडारा उचलून चुकलो म्हणायचं आणि तो समोरच्याच्या कपाळाला लावायचा, की दोष गेला. त्यानं सोपे शब्द दिले, तिची लाज राखणारे.

"म्हण बाणूबाई, मला ठावं न्हवतं. नकळत आळ घेतला. लाव तिप्पण्णाला, मिटलं."

तिप्पण्णानं कपाळ पुढं केलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता. बाणूबाईनं भंडारा चिमटीत घेतला.

मला ठावं न्हवतं. साधं तर म्हणायचं होतं. पण हळद हातात असली की माणूस आत बघतो. अख्ख्या वाडीची लोकर ओढ्यातून वाहत गेलेली तिनं बघितली होती, मग आपलीच कशी आळंदला खपते असं तिनं कधी विचारलं नव्हतं. घेणारा कोण, कुठला, पुन्हा मागतो का, एका गिऱ्हाइकाचं नावसुद्धा नाही. मागच्या दिवाळीला गुंडाप्पाच म्हणाला होता, चल की बाजाराला, बघ तरी. गुडघे दुखतात म्हणून ती घरी राहिली. गुडघे दुखत नव्हते. मोकळा खांदा घेऊन तो दारात आला की तिच्या मनात जे थोडंसं हलायचं, ते तिनं दर वेळी दाबून धरलं होतं. संशय तिला होताच, आणि तो तिनं तिप्पण्णाच्या दारात नेऊन बांधला होता.

सगळी वाडी वाट बघत होती. तिप्पण्णा तसाच वाकून बसलेला. बाणूबाईनं चिमटीतली हळद परत ढिगावर सोडली.

"भीमण्णा," ती म्हणाली, "हे म्हणायला माझी जीभ उचलंना."